आडनाव आधी

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग बापाचं. निकालाच्या दिवशी घरचे सगळे टक्केवारी पाहतात. नोकरीच्या अर्जाला जोडून तीच गुणपत्रिका परक्याच्या टेबलावर जाते, तेव्हा नजर आधी वरच्या ओळीवर पडते. त्या ओळीतला पहिला शब्द खालच्या आकड्यांना वजन देतो, किंवा काढून घेतो.

मी हे जवळून पाहते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एका अंगाला कापसाची जिनिंगं, दुसऱ्या अंगाला वणीकडच्या कोळशाच्या खाणी, वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंटचे कारखाने. पोरं बायोडाटा करायला माझ्याकडे येतात. ज्यांना माणसं ठेवायची असतात तेही माझ्याकडेच येतात, कारण व्हॉट्सॲपवर आलेले अर्ज त्यांना कागदावर हवे असतात. जिनिंगवाले, कोळसा वाहतुकीचे ठेकेदार, पतसंस्थेचे सचिव, शाळा चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, कृषी केंद्रवाले. प्रिंट निघत असतानाच काउंटरवर दोन गठ्ठे पडायला लागतात. शिक्षणाची किंवा अनुभवाची ओळ अजून कुणी वाचलेली नसते. मध्येच एखाद्या कागदावर हात थांबतो आणि मला विचारणा होते, "ताई, हे तायडे कोणते?"

आमच्याकडची कितीतरी आडनावं एकाहून जास्त समाजांत आहेत. तायडे, वानखेडे, इंगळे कुणब्यांत आहेत तसे बौद्धांतही आहेत. राऊत तर कुठे नाहीत? मेश्राम बौद्ध असतात, गोंडही असतात. गोंदियाकडच्या पोवारांत पारधी हे आडनाव आहे, आणि ज्यांना आपण पारधी समाज म्हणून ओळखतो त्यांच्यात पवार, भोसले, चव्हाण, काळे ही आडनावं आहेत. म्हणजे नुसत्या आडनावावरून जात सांगणं आमच्या भागात तरी धड जमत नाही. तरीही ती काढली जाते. आडनावाने भागलं नाही की गाव विचारायचं. गाव कळलं की तिथल्या एखाद्या मातब्बर माणसाचं नाव घेऊन "ते तुमचे कोण लागतात?" म्हणायचं. तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते. बंजाऱ्यांचं राठोड किंवा आडे असेल तर तांडा कोणता एवढंच उरतं. मडावी, टेकाम, सिडाम ही गोंडांची आडनावं दिसली की पुढचा प्रश्नच पडत नाही.

ही विचारपूस आपुलकीचीही असते. एसटीत शेजारी बसलेली बाई "कोण्या गावच्या जी तुम्ही?" म्हणते तेव्हा तिला माहेर-सासरचा एखादा धागा शोधायचा असतो, आणि तो सापडला की ती डब्यातली भाकर पुढे करते. माझं आडनाव वर सांगितलेल्यांपैकीच एक आहे. ते सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर कसा थांबतो ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. "कोणते?" कुणब्यांपैकी म्हटलं की त्याचा चेहरा पुन्हा मोकळा होतो. त्या मोकळं होण्याचा मला राग येतो. माझ्याच आडनावाच्या, माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला तिचं उत्तर दिल्यावर काय दिसत असेल, ते मला त्या चेहऱ्यावरून कळतं. एसटीत त्यापायी भाकर जाते. काउंटरवर नोकरी जाते.

आणि ही नावं केवढ्या मोलाने आलेली आहेत! जातीच्या दाखल्यासाठी, वैधतेसाठी जुने कागद लागतात, म्हणून लोक कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला आणि शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरचे उतारे घेऊन झेरॉक्सला येतात. ते कागद मी काचेवर ठेवण्याआधी वाचते. उकंडा, कचरू, दगडू, धोंड्या, भिका. मूल जगत नसलं की नजर लागू नये म्हणून उकिरड्याचं, दगडाचं नाव ठेवायची रीत बहुतेक सगळ्या जातींत होती, त्यामुळे नुसत्या नावाने काही ठरत नाही. फरक लिहिणाऱ्याच्या लेखणीत दिसतो. एकाच्या नावापुढे 'जी' किंवा 'राव' लागलेला, आणि खालच्याच ओळीत 'धोंड्या वल्द भिका', म्हणजे भिकाचा मुलगा धोंड्या, पुढे जात, आणि संपलं. आडनाव लिहायची गरजच कुणाला वाटलेली नाही.

त्याच घराण्याची पुढची पिढी त्याच रजिस्टरात पुढच्या पानांवर भेटते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, दोन दिवसांनी १६ तारखेला चंद्रपूरला. आमच्या भागातली माणसं आगगाडीने गेली, बैलबंड्यांनी गेली, पायी गेली. परत आली ती बावीस प्रतिज्ञा घेऊन, आणि घरातले देव्हारे गेले तशी जुनी नावंही गेली. रजिस्टरात सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा दिसायला लागतात. पुढे प्रज्ञा, करुणा, मैत्री, सुगत, तथागत, सम्यक. ज्याला गावाने उभा जन्म अर्ध्या नावाने हाक मारली त्याने मुलाला एक अख्खं नाव दिलं, आणि हजेरी घेताना गुरुजींना ते अख्खं उच्चारावं लागलं. गेल्या शंभर वर्षांत विदर्भाच्या खेड्यापाड्यांत जी सुंदर कामं झाली त्यांत मी या नावांची गणना करते. कुणाचं अनुदान नाही, कुणाचा जीआर नाही, हजारो आयाबापांनी आपापल्या पाळण्यापाशी केलेलं काम.

आज तीच नावं वाचून अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात जातो. तायडे, वानखेडे यांवरून जिथे अंदाज लागत नाही तिथे पहिलं नाव तो लावून देतं. बापाचं नाव भीमराव असेल तर पहिल्या नावापर्यंतही जावं लागत नाही.

एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, बुद्धाच्या नावांपैकी एक आहे एवढं पुरे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलेला, एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिसशिप झालेली, हाताला सफाई. आमच्या दुकानाचा इन्व्हर्टर त्यानेच बसवला. एका ठेकेदाराला मेंटेनन्ससाठी माणसं हवी होती. फोनवर सगळं ठरत आलं: पगार किती, राहायची सोय कुठे, रुजू कधी व्हायचं. शेवटी पलीकडून निरोप आला, आधार कार्ड आणि गुणपत्रिका व्हॉट्सॲप कर, गेटपास काढावा लागतो. त्याने पाठवलं. पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि फोन बंद झाले. नंतर त्यानेच लावला तेव्हा 'जागा भरली' म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात आमच्या तालुक्याच्या नोकरीच्या ग्रुपवर पुन्हा फिरत होती.

तो दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, बायोडाट्यात आडनाव टाकूच नका. बाबाचं नावबी काढून टाका. माह्यं नाव नुसतं इंग्रजी अक्षर करून ठेवा."

त्याचे वडील सोबत होते. दर पाडव्याला नवा करार करून दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबलेला माणूस. ते बाहेरच्या बाकावर बसले होते, ते उठून आत आले. "काय काढून रायला तू?" मुलगा बोलला नाही. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, हे नाव माह्या बापानं ठेवलं याचं. मले कोण्या मालकानं पुऱ्या नावानं हाक नाही मारली. याचं नाव लोकाइले पुरं घ्या लागते. ते कापू नका." मुलगा चिडला. "मंग पुरं नाव घेऊन घरीच बसू का मी?"

दोघांपैकी कुणालाही चूक म्हणता येत नव्हतं. बाप साठ वर्षांचा अपमान मोजत होता, मुलगा पुढच्या महिन्याचा किराणा. त्या दिवशी बायोडाटा पूर्ण नावाचाच निघाला. पुढे मुलाने मोबाईलवर स्वतःच दुसरा तयार केला, आडनाव नसलेला. त्याने काही साधलं नाही. ट्रूकॉलरवर त्याचं पूर्ण नाव येत होतं, ईमेल आयडीत आडनाव होतं, डीपीला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला फोटो होता. एक नाव झाकायचं म्हटलं तर एवढं सगळं झाकत बसावं लागतं. आणि ते त्याने का झाकावं? ज्याच्या हातून अन्याय होतो त्याने काहीच बदलायचं नाही, आणि ज्याच्यावर होतो त्याने आजोबाने ठेवलेलं नाव गिळायचं, हा तोडगा मला मुळीच मान्य नाही.

या मुलाला जात पाहूनच नाकारलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. ठेकेदार दहा कारणं सांगेल आणि त्यातलं एखादं खरंही असेल. एकट्या माणसाच्या बाबतीत हे जवळजवळ कधीच सिद्ध होत नाही, म्हणूनच ते इतकं बिनबोभाट चालतं. सिद्ध करायचं तर अर्ज तंतोतंत सारखे ठेवायचे, फक्त नाव बदलायचं, आणि असे अर्ज हजारोंनी पाठवून पाहायचे.

आपल्या देशात हे करून झालेलं आहे, आणि करणाऱ्यांतले एक आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आहेत. यूजीसीचे अध्यक्ष राहिलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं नाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लिम. पुढचं बोलावणं येण्याची संधी उच्चवर्णीय नावाला एक धरली तर दलित नावाला ती सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. २००७ मध्ये हे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आलं. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन यांनी बोस्टन-शिकागोत गोऱ्या आणि काळ्या लोकांत आढळणारी नावं टाकून असाच प्रयोग केला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं येत होतं, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे.

या आकड्यांकडे पाहताना मला एक गोष्ट सारखी टोचते. ही सगळी मुलाखतीच्या आधीची पायरी आहे. अजून कुणी कुणाला पाहिलेलं नाही, बोलणं ऐकलेलं नाही, काम पाहिलेलं नाही. लोक जेव्हा म्हणतात की "मुलाखतीत कमी पडतात ही पोरं", तेव्हा मला विचारावंसं वाटतं, त्यांना खोलीत येऊ कुठे दिलंत?

मुस्लिम नावाचा तो एक तृतीयांश वाचला तेव्हा मला आमच्याकडे येणाऱ्या मुली आठवल्या. मराठी शाळेत शिकलेल्या, घरात उर्दू-हिंदी आणि बाहेर अस्सल वऱ्हाडी बोलणाऱ्या. त्यांच्या नावापुढे "कोणते?" विचारावं लागत नाही. त्यांतली एक बी.कॉम., टॅली येणारी, मराठी टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा पास. कंपोझचं काम साचलं की मी तिला हाक मारते, कारण तिच्या ऱ्हस्व-दीर्घात चूक सापडत नाही. एका ठिकाणी तिला तोंडावर सांगितलं गेलं की तुझ्याबद्दल काही नाही, पण गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही. न पाहिलेल्या गिऱ्हाइकांच्या नावावर आपला निर्णय खपवणं फार सोपं असतं. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की पुढच्या अर्जात 'मराठी माध्यम' ही ओळ नावाच्या लगेच खाली घेता येईल का.

गठ्ठे करणारी माणसं राक्षस नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना मी वर्षानुवर्षं ओळखते, अडीअडचणीला ते धावून येतात. कुणी मुद्दाम "ही जात नको" असं म्हणत नाही. म्हणतात ते असं: "आपल्याले जातीचं काई नाही ताई, पण माणूस आपल्यात रुळला पाह्यजे." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते एकाच शाळेत पाठ केल्यासारखं वाटतं. थोरातांचा अभ्यास छापून आला त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचाही एक लेख होता. त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून पाहिलं होतं. सगळे म्हणाले आम्ही गुणवत्ता पाहतो, आणि त्यांतले बहुतेक उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारत होते. वातानुकूलित केबिनमध्ये ज्याला पार्श्वभूमी म्हणतात त्याला आमच्याकडे "घराणं चांगलं हाये" म्हणतात. बाप काय करतो, मामा कुठे आहे, कुणाच्या ओळखीने आला. ज्याचा बाप सालगडी त्याची ओळख कुणाशी असणार?

सगळीकडे सारखंच होतं असंही नाही, आणि हे सांगायला मला बरं वाटतं. दिल्लीच्या परिसरात अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जांचा असाच प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत नावांमुळे फरक पडलेला दिसला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत उच्चवर्णीय आणि इतर मागासवर्गीय नावांत ठळक फरक दिसला, अनुसूचित जातींच्या नावांच्या बाबतीत त्याहून कमी. याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते की जिथे काम मोजता येतं तिथे नावाचा जोर ओसरतो. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. 'बोलणं कसं आहे', 'शोभेल का', 'जमेल का' अशा प्रश्नांना माप नसतं, आणि तिथे नाव शिरतं. यात आमच्या भाषेचाही वाटा आहे. पुण्याच्या मुलाखतीत 'मले-तुले' तोंडातून निघालं की कुणब्याच्या पोरालाही 'नागपूर साईडचा' म्हणून बाजूला बसवतात. त्याला तेव्हा फार लागतं. त्याने गावी परतल्यावर आपल्या शेतावर माणूस ठेवताना ते आठवावं, अशी माझी फार इच्छा असते.

सरकारी नोकरीत घटनेचं सोळावं कलम पाठीशी आहे. खाजगी नोकरीत बाई म्हणून नाकारू नये यासाठी १९७६ पासून समान वेतनाचा कायदा होता. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण तो दाखल करायला कुणीतरी तसं बोललेलं, लिहिलेलं सापडावं लागतं. 'जागा भरली' या दोन शब्दांवर कोणतं कलम लावणार? खाजगी मालकाने जात किंवा धर्म पाहून भरती करू नये असा सर्वांना लागू होणारा सरळ कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा. होईस्तोवर काय करायचं, हा प्रश्न मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून विचारते.

कारण नाव न पाहता निवड करण्याची रीत आपल्याला नवी नाही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर लागतं आणि तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळत नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. गुरुजींवर अविश्वास दाखवला असं कुणी म्हणत नाही. तपासणारा माणूस आहे आणि माणसाचा हात वळतो, एवढं गृहीत धरून ती सोय केलेली आहे. मग ज्या माणसाला तपासण्याचं कसलंही प्रशिक्षण नाही, त्याच्यापुढे सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणाचा अर्ज उघड्या नावाने का ठेवायचा?

फ्रान्सने २००६ मध्ये पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांसाठी निनावी अर्जाचा कायदा केला, पण तो अंमलात आला नाही. तिथे स्वखुशीने आलेल्या कंपन्यांत प्रयोग केला तेव्हा उलटंच दिसलं: नाव झाकल्यावर अल्पसंख्याक उमेदवारांना बोलावणी कमी आली. त्या कंपन्या आधीपासूनच समजून घेणाऱ्या होत्या. नाव-पत्ता दिसत असताना त्या अर्जातला खंड, एखादं वाया गेलेलं वर्ष सांभाळून घेत होत्या. नाव गेलं आणि सांभाळून घेणंही गेलं. हे वाचल्यावर मी माझ्या फॉर्मात 'शिक्षणात खंड असल्यास कारण' असा एक रकाना घातला. आमच्याकडे खंडाची कारणं ठरलेली असतात: बापाचं आजारपण, बोंडअळीने गेलेलं कापसाचं पीक, बहिणीचं लग्न, वीटभट्टीवर गेलेलं वर्ष. ती लिहिलेली असली की निदान वाचली जातात.

फॉर्म म्हणते तो असा. आमच्याच गावातल्या एका जिनिंगच्या मालकाला हंगामाआधी काट्यावर कॉम्प्युटर ऑपरेटर हवा होता. आधीचा ऑपरेटर ओळखीतून ठेवलेला होता आणि त्याने वजनाच्या पावत्यांत इतका घोळ घातला होता की शेतकऱ्यांशी भांडणं झाली होती. त्यांना म्हटलं, अर्ज माझ्याकडे येऊ द्या, मी तुम्हाला नंबर टाकून देते. पहिल्या पानावर काम येतं का तेवढंच: एक्सेल, टॅली, काट्याचं सॉफ्टवेअर वापरलंय का, रात्रपाळी जमेल का. नावं, गुणपत्रिका, आधार पाकिटात, ते तुम्ही माणूस निवडल्यावर उघडायचं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मागच्या हंगामाचा मार ताजा होता. त्यांनीच भर घातली की ओलाव्याचा टक्का वजा करून पावती करायला द्या, बरोबर करतो त्यालाच पाहू. तशी परीक्षा झाली, माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर. ज्यांना जमलं त्यांतून एकाला घेतलं. तो किंवा ती कोणत्या समाजाची निघाली ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की वाचणारा त्यावरूनच हिशेब मांडायला बसेल.

सगळ्यांना हे पटत नाही. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला स्पष्ट सांगितलं की माणूस कोण आहे हे न पाहता आम्ही शिपाईसुद्धा घेणार नाही. अनुदानित शाळांच्या शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, परीक्षेचे गुण आले, तरी मुलाखतीचा पर्याय निवडणाऱ्या संस्था आहेतच. त्यांच्याशी माझं बोलणं खुंटलेलं आहे. मी अर्ज मात्र आता सगळ्यांचेच तसे करते. काम वर, नाव खाली. आडनाव आधी लिहायचा आग्रह जिथे फॉर्मच धरत नाही, तिथे मी तो धरत नाही.

एक गोष्ट मात्र त्या फॉर्मातून सुटत होती, आणि ती पारध्यांच्या एका मुलामुळे वर आली. आडनाव पवार, त्यामुळे कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही. जड वाहनाचं लायसन्स आहे. ज्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांत त्याचे पूर्वज होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का उतरला नाही. त्याच्या अर्जाला 'उद्या या' म्हणून उत्तर येतं, आणि पत्त्यात वस्तीचं नाव आणि पुढे 'बेडा', म्हणजे पारध्यांची वस्ती, वाचलं की तो 'उद्या' कधी येत नाही. कोलाम आदिवासींच्या पोरांना त्यांच्या वस्तीच्या 'पोड' या शब्दाने हाच अनुभव येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. निर्णय योग्यच होता. पण एका गावातलं भीम नगर कुठे आहे ते त्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागतं का?

यंदा तेच जिनिंगवाले पुन्हा आले. कपाशीच्या गाडीवर ड्रायव्हर आणि गेटवर रखवालदार हवे होते. मी पत्ताही पाकिटात टाकायचं म्हटलं. ते थोडे अडले. "पत्ता तर लागनच ना ताई. रात्री-बेरात्री बोलवाचं काम पडलं तर कोन कुठून येईल?"

"तुम्हाला अंतर पाहिजे न काकाजी? मग जिनिंगपासून किती किलोमीटर, तेवढं लिहू. वस्तीचं नाव आत राहू द्या."

त्यांनी जरा विचार केला. "अन् गाडी हाये का स्वतःची, तेबी टाका. सकाळी सहाला एसटी नाही भेटत."

मी फॉर्म पुन्हा उघडला, पत्त्याची ओळ काढली आणि तिथे दोन रकाने केले.